माणसं पाठ असलेले मास्तर

आमच्या दादाला माणसं पाठ आहेत. हे मी अगदी शब्दशः सांगते आहे. पाठमोरा माणूस दिसला की तो कोण, कुठं कामाला, कॉलर किती नंबरची आणि कुठल्या खांद्याखाली पॅड घालावा लागतो, हे दादा धडाधड सांगतो. तोच माणूस वळून समोर उभा राहिला की दादाची पाटी कोरी. नाक दिसतं, डोळे दिसतात, मिशी असली तर मिशी दिसते. पण हे सगळं मिळून जो एक माणूस व्हायला हवा, तो काही होत नाही.

दादा शिंपी. गिऱ्हाइकांचा तो 'मास्तर'. पुरुषांचे शर्ट, पँट, कोट शिवतो. दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना चढून आलं की आधी घड्याळवाल्याचं दुकान, मग आमचं, आणि त्यापुढं लिफ्ट, जी महिन्यातून दोनदा तरी बंद पडते. आत दोन मशिनं, कापायचं लांब टेबल, कपडे घालून बघायला आरशांची छोटी खोली आणि रस्त्यावर उघडणारी एक खिडकी. नवरा गेल्यावर मी दादाकडे राहायला आले आणि काज-बटणं करायला दुकानात बसले, त्याला सव्वीस वर्षं झाली. त्यातली निम्मी मी काज करण्यात घालवली आणि निम्मी दादाला माणसं ओळखून देण्यात.

ह्याची सुरुवात लहानपणीच झाली होती, पण तेव्हा कोणाच्या लक्षात आली नाही. दादा नऊ वर्षांचा, मी सहा. आई मोठ्या दुखण्यातून उठून दीड महिन्यानं दवाखान्यातून घरी आली. तिचे केस पार बारीक कापले होते आणि अंगावर मावशीचा स्वेटर होता. दादानं दार उघडलं, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आई घरी नाही, नंतर या." आणि दार लावून घेतलं. आई जिन्यातच बसून रडली. बाबांनी दादाच्या थोबाडीत दिली. त्याला काही सांगता येईना, कारण त्याला स्वतःलाच काही कळलेलं नव्हतं. तो एवढंच शिकला की समोर आलेल्या कोणाही माणसाला, तो कोण आहे हे माहीत नसलं तरी, "नाही ओळखलं" म्हणायचं नाही.

आणि लोक तरी किती छळवादी असावेत! नाव सांगायला यांची जीभ झिजते. दारात उभं राहायचं, तोंडभर हसायचं आणि विचारायचं, "काय मास्तर, ओळखलंत का?" त्यावर दादाचं उत्तर ठरलेलं, "हो हो, ओळखलं की!" इतकं ठरलेलं की प्रश्न संपायच्या आत बाहेर पडायचं. मग माणूस बोलू लागला की आवाजावरून, बोलण्यावरून, नाहीतर "जरा वळा बघू, खांदा बघतो" असं म्हणून दादा त्याचा पत्ता लावायचा. दुकानात पाऊल टाकल्या टाकल्या मास्तर आधी वळायला सांगतात, ही त्याच्या कामातली शिस्त आहे असं लोक समजायचे. पुढं पुढं तर त्याचं कौतुकही व्हायला लागलं.

मी आल्यावर त्याची बरीच सोय झाली. कोणी जिना चढून आलं की मी मोठ्यानं म्हणायची, "या बँकवाले साहेब," "या मुख्याध्यापक, कोट तयार आहे तुमचा." लोकांना वाटायचं, बाई फार अगत्याची आहे. मी मुळीच अगत्याची नाही. ते सगळं दादासाठी चालायचं. कधी मी खाली गेलेली असले की मात्र त्याची तारांबळ उडायची. एकदा डॉक्टर आजारातून उठून आले. इतके वाळले होते की पाठही ओळखीची उरली नव्हती. दादा त्यांनाच म्हणाला, "आपले डॉक्टर फार आजारी आहेत म्हणे. वाचतील ना?" डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आत्तापर्यंत तरी वाचलोय." ते विनोदी स्वभावाचे होते म्हणून निभावलं.

सगळेच काही विनोदी नसतात. बाहेर दादाची ख्याती शिष्ट म्हणून होती. रस्त्यानं कोणी समोरून हसत आलं तर हा सरळ बघत पुढं जायचा, आणि तो माणूस चार पावलं गेल्यावर मागून हाक मारायचा, "अहो, थांबा की!" कारण तेव्हा कुठं त्याला पाठ दिसलेली असायची. निम्मे लोक थांबायचे, निम्मे मनात धरून ठेवायचे. लग्न त्यानं केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, "बाजारात चुकामूक झाली तर शोधू कशी?" आम्ही सगळे हसायचो. आता आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

ह्या सगळ्यात माझा एक मान होता. घरच्यांपैकी कोणालाही त्याचा धड पत्ता नव्हता. तो मला होता. आणि दादा जगात कोणाचाही चेहरा ओळखत नसला तरी माझा ओळखतो, अशी माझी पक्की समजूत होती. मी दुकानात शिरले की मान वर करून तो "आलीस?" म्हणायचा, एकदाही चुकायचा नाही. आणखी काय पुरावा पाहिजे? मी ते कधी त्याला विचारून पाहिलं नाही.

मागच्या वर्षी एका दुपारी माझी दाढ काढायची होती, म्हणून मी दुकानात नव्हते. घड्याळवाला शटर अर्धं ओढून जेवायला गेला होता. दादा खालून पाण्याची बाटली भरून जिना चढत होता, तेवढ्यात वरून एक जण पिशवी छातीशी धरून धावत आला. वळणावर दोघं एकमेकांवर आदळले. बाटली गडगडत खाली गेली आणि तिच्या मागोमाग तो माणूस. घड्याळवाला परत आला तेव्हा काचेचं कपाट फुटलेलं आणि दुरुस्तीला आलेली सतरा घड्याळं गायब.

पोलीस आले. दादानं जे पाहिलं ते सांगितलं. जाणाऱ्याची पाठ फळीसारखी सरळ होती, दोन्ही खांदे एका रेषेत, तयार घेतलेला निळा शर्ट, बाही बोटभर आखूड. पोलिसांनी त्यातलं "निळा शर्ट" तेवढं लिहून घेतलं. पाठीचं कोणी ऐकेना. "पण समोरासमोर पाहिलंय ना तुम्ही?" त्यांनी विचारलं. दादा म्हणाला, "हो, अगदी समोरासमोर." ते खोटं नव्हतंच.

त्या दुपारी इमारतीत निळ्या शर्टातला एक जण होता, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याच्या कंपनीचे सगळेच निळे शर्ट घालतात. तो वरच्या मजल्यावर काम करत होता, एकटा, त्यामुळं तो तिथंच होता हे सांगायलाही कोणी नव्हतं. पोलिसांनी त्याला उचललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादाला चौकीवर बोलावलं. शाळेचे गणवेश द्यायचे होते, म्हणून मी दुकानातच थांबले. तिथंच माझं चुकलं.

चौकीत काय झालं ते मला दादानं दुसऱ्या दिवशी सांगितलं. साहेबांनी त्याला खुर्ची दिली. समोर बाकावर एक माणूस बसवला होता, त्याला आधीच बजावलेलं होतं की तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. साहेब म्हणाले, "मास्तर, नीट बघा. ओळखलंत का?"

आणि दादा म्हणाला, "हो हो, ओळखलं की!"

बाकावरचा माणूस हसला. त्याला वाटलं, सुटलो. कारण तो दादाचं अकरा वर्षांचं गिऱ्हाईक होता. मास्तरांनी आपल्याला ओळखलं, आता ते सांगतील की हा आपला लिफ्टवाला, असा माणूस नाही. साहेबांना वाटलं, चोर सापडला. आणि दादाला, तो शपथेवर सांगतो, काहीच वाटलं नाही. प्रश्न कानावर पडला आणि आयुष्यभराच्या सवयीनं उत्तर बाहेर पडलं. साहेबांनी विचारलं, "पक्कं?" एकदा हो म्हटलं की शेवटपर्यंत निभावून न्यायचं, हीसुद्धा सवयच. दादा म्हणाला, "पक्कं." कागद पुढं आला, दादानं सही केली.

मग शिपायानं त्या माणसाला उठवून आत न्यायला वळवलं, आणि दादाला पाठ दिसली. डावा खांदा दोन बोटं खाली. वर्षानुवर्षं एका खांद्यावर अवजारांची पिशवी वाहून उतरलेला. त्या खांद्याखाली अकरा वर्षं दादा स्वतःच्या हातानं पॅड घालत आला होता. जिन्यातली पाठ ही नव्हेच. तेवढ्यात शिपाई त्या माणसाला घेऊन दाराआड गेला. दादाही उठून निघून आला.

हे सांगून झाल्यावर तो मशीनपाशी तसाच बसून राहिला. आदल्या दिवसापासून तो जेवला नव्हता. मी त्याला काय म्हणाले ते आता सांगायची लाज वाटते, पण सांगते. मी म्हणाले, "गप्प बस. पोलीस बघून घेतील. त्यानं केलं नसेल तर सुटेल आपोआप."

"माझ्या सहीवर धरलाय त्याला."

"मग जाऊन काय सांगणार आहेस? की मला माणसं ओळखता येत नाहीत? उद्या दुकानात कोणी पाऊल टाकणार नाही, दादा. वेड्यात काढतील तुला."

"काढू देत."

"आणि मी खोटारडी ठरेन ते? सव्वीस वर्षं 'या साहेब, या साहेब' करत बसले ती?"

आणखी एक दिवस गेला. त्या दिवशी त्यानं एका पँटचे दोन्ही पाय डावेच कापले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं दुकान उघडलंच नाही, चपला घातल्या आणि म्हणाला, "मी चौकीवर चाललो." मी बरोबर गेले, ते त्याला धीर द्यायला नव्हे. जास्त बोलायला लागला तर आवरायला.

साहेब कामात होते. दादा उभ्या उभ्याच म्हणाला, "साहेब, माझी साक्ष चुकीची आहे. मला चेहरे ओळखता येत नाहीत. कोणाचेच."

"म्हणजे नजर कमी आहे?"

"नजर चांगली आहे. सुईत दोरा अजून चष्म्याशिवाय ओवतो. डोळे, नाक, सगळं दिसतं. पण ते कोणाचं, हे कळत नाही."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मग दादाकडे. "कोणी धमकावलंय का तुम्हाला? त्या लिफ्टवाल्याकडचं कोणी आलं होतं?"

"नाही हो."

साहेब उठले आणि "थांबा, आलो" म्हणून आत गेले. थोड्या वेळानं दुसरेच एक जण बाहेर आले, तसाच गणवेश, तशीच अंगकाठी, आणि काही न बोलता साहेबांच्या खुर्चीत बसले. दादा त्यांना म्हणाला, "तर साहेब, मी सांगत होतो की त्या माणसाचा डावा खांदा उतरलेला आहे आणि चोराचे दोन्ही खांदे..." तो पाच मिनिटं त्यांना समजावून सांगत होता. दारात साहेब हाताची घडी घालून ऐकत उभे होते. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्ही आवरताना काढलेल्या दाढेची जागा ठणकायला लागली.

साहेब पुढं आले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. "ह्या कोण तुमच्या?" त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"बहीण."

"मग यांना ओळखता की."

"माझ्याबरोबर आली ना ती."

"बरोबर नसत्या आल्या तर? समोरून रस्त्यात दिसल्या, बोलल्या नाहीत, तर?"

मी दादाकडे पाहिलं. मला खात्री होती. तो चपलांकडे बघत म्हणाला, "पाठमोरी असली तर कळेल. समोरून नाही."

"पण घरी, दुकानात? रोजची माणसं तुम्ही?"

"चालताना तिच्या किल्ल्या वाजतात," दादा म्हणाला. "कमरेला जुडगा असतो तिच्या."

म्हणजे तो "आलीस?" किल्ल्यांना होता. माझ्या जागी कोणीही बाई तो जुडगा खोचून आली असती तरी तिला तो "आलीस?" म्हणाला असता. इतकी वर्षं मी लोकांची कीव करत होते, की बिचाऱ्यांना माहीत नाही मास्तर त्यांना ओळखत नाहीत. मला खूप वाईट वाटलं. एका निरपराध माणसाच्या सुटकेची गोष्ट चालली होती आणि मी तिथं माझ्या चेहऱ्याचं दुःख करत बसले होते. साहेबांनी नवा जबाब लिहिला, दादानं सही केली, साक्षीदार म्हणून मीही केली.

त्या माणसावर दुसरं काही नव्हतंच. कागदपत्रं होईपर्यंत दुपार झाली. आम्ही बाहेरच्या बाकावर बसून होतो. मग आतून तो आला, तीन दिवसांची दाढी, चुरगळलेला निळा शर्ट. सरळ दादासमोर येऊन उभा राहिला. तो चिडलेला होता. जबडा आवळलेला, मुठी वळलेल्या. दादा काहीतरी बोलेल म्हणून तो थांबला होता. दादानं वर पाहिलं. अनोळखी माणसाला वाट द्यावी तसे पाय बाजूला घेतले आणि पुन्हा आतल्या दाराकडे बघू लागला, तो माणूस कधी येतो याची वाट बघत.

मी तोंड उघडणार होते, पण त्या माणसानंच मला हातानं थांबवलं. तो बराच वेळ दादाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मास्तर, मी लिफ्टवाला."

दादा ताडकन उठला. त्यानं हात जोडले. "माझं चुकलं हो. फार चुकलं."

"साहेबांनी सांगितलं मला आतमध्ये. पटलं नव्हतं. आता पटलं. पण मला पटून काय उपयोग? घरचे भेटायला आले तेव्हा कळलं, पोरीनं शाळा बंद केलीय. बापाला मास्तरांनी ओळखलं, हे आमच्या अख्ख्या इमारतीला माहीत आहे. तुमच्यासारखा माणूस खोटं कशाला बोलेल?"

"मी येतो," दादा म्हणाला. "आत्ताच येतो. तिला सांगतो."

तो राहतो ती इमारत चार मजल्यांची. जिन्यात दोन बायका बोलत उभ्या होत्या, त्याला बघून गप्प झाल्या. दादानं त्या बायकांसमोर थांबून, कोणी विचारलेलं नसताना, मोठ्या आवाजात सांगितलं, "यांनी काही केलेलं नाही. मला चेहरे ओळखता येत नाहीत. मी चुकीचं सांगितलं होतं." पुढच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांनाही तेच. साठीच्या माणसाला असं मजल्यामजल्यावर स्वतःची फजिती सांगत चढताना मी पाहत होते, आणि मला वाटलं होतं तशी लाज मला वाटली नाही.

लिफ्टवाल्यानं बेल वाजवली. मुलीनं साखळी न काढता दार फटीएवढं उघडलं. अकरा-बारा वर्षांची असेल. बाप दिसला तशी तिची हनुवटी थरथरली, पण मागं आम्ही उभे होतो, म्हणून तिनं साखळीवरचा हात काढला नाही. तिला दादा कोण हे माहीत होतं.

दादा वाकून तिला म्हणाला, "बाळ, तुझ्या बाबांनी चोरी केलेली नाही. चूक माझी होती. मला कोणाचा चेहरा ओळखता येत नाही."

"असं कोणाला असतं का?" ती म्हणाली.

"मला आहे."

तिचा विश्वास बसला नव्हता, ते दिसतच होतं. अशी कारणं मोठी माणसं नेहमीच देतात. तिनं दादाला सोडून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्यांच्या कोण?"

"बहीण."

"मग तुम्हाला तरी ओळखतात ना?"

ती उत्तराची वाट बघत होती, तिचा बापही बघत होता. दादानं मान खाली घातली. त्यानं हे एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगायचा धीर त्याला नव्हता.

मी म्हणाले, "नाही गं. मलासुद्धा नाही ओळखत."

तिनं क्षणभर माझ्याकडे निरखून पाहिलं. मग साखळी काढली आणि दार पूर्ण उघडलं.